जीवन कौशल्ये : क्लासवाल्यांची फी आणि वस्तीतली ताई

या पानावर आजवर आपण रक्तक्षय, बीपी, साखर, बाळंतपण यांविषयी बोललो. या वेळचा विषय मनाचा आहे, पण तोही आरोग्याचाच. मोबाईलवर आणि शहरातल्या चौकांत हल्ली ‘लाईफ कोच’, ‘लाईफ स्किल ट्रेनिंग’ अशा जाहिराती दिसतात. दोन दिवसांचे शिबिर, हजारोंची फी, शेवटी प्रमाणपत्र. वस्तीतले आईबाप आम्हाला विचारतात, ‘ताई, पोराला पाठवू का? दहावीनंतर फार गप्प झालाय.’ कोणी मुलगी विचारते, ‘हे काम मला करता येईल का?’ दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून हा लेख.

जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात शाळांसाठी दहा जीवन कौशल्ये सांगितली. स्वतःला ओळखणे, दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याचे दुःख समजणे, चिकित्सक विचार, नवा मार्ग काढणारा विचार, निर्णय घेणे, अडचण सोडवणे, नीट बोलणे, माणसे जोडून ठेवणे, ताण सांभाळणे आणि भावना सांभाळणे. यादी वाचून घाबरू नका. आठवड्याच्या मजुरीत पाच जणांचे घर चालवणारी बाई अडचण सोडवण्याचा क्लास कोणालाही देईल. चिकित्सक विचार म्हणजे ऐकले ते तपासून घेणे, ते तर विहारात कालामसुत्त ऐकताना आपण शिकतोच. आमच्या वस्त्यांत कमी पडतात ती दोन-तीन कौशल्ये : मोठ्या माणसासमोर तोंड उघडणे, ‘नाही’ म्हणणे आणि राग आला असताना स्वतःला थांबवणे. याच ठिकाणी पोरांची आयुष्ये अडतात.

हे काम भारी इंग्रजी बोलणाऱ्यांनीच करावे असा समज आहे. आपल्याच जिल्ह्याचा अनुभव त्याच्या उलट आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावात पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेली नर्स गावात रमत नव्हती, आणि गावच्या बाया तिच्याजवळ मन मोकळे करत नव्हत्या. आम्ही स्वतः नर्सिंगचा डिप्लोमा केलेला आहे, तरी आम्हाला हे पटते. ड्रेसमधल्या बाईला लोक दुखणे सांगतात, घरातली गोष्ट सांगत नाहीत.

मग गावांनीच आपल्यातली बाई निवडून द्यायची असे ठरले. निवडून आलेल्यांत कितीतरी जणी दलित होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. त्या काळात वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका पंगतीला बसणे हेच पहिले प्रशिक्षण होते. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, बाळाचे वजन, सुरक्षित बाळंतपण हे तर शिकवलेच, पण त्याच्या जोडीला स्वतःवर विश्वास ठेवणे, चारचौघांत बोलणे, गावाला प्रश्न विचारणे हेही शिकवले. हातपंपांच्या जागा ठरवताना ते दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. आमच्या मते हा समानुभूतीचा सर्वांत चांगला वर्ग होता, आणि त्यात एकही भाषण नव्हते.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा तीसच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कार्यकर्त्यांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. छताचे झुंबर महाग असते आणि एकाच दालनात अडकून राहते, साधी पणती मात्र घरोघर जाते आणि दुसरी पणती पेटवते, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. जामखेडमध्ये पुढे किशोरवयीन मुलींसाठीही वर्ग सुरू झाले. त्यात शरीराची माहिती, आहार, हक्क, स्वसंरक्षण असे विषय असतात. मुलग्यांसाठीही गट आहेत. ते फार गरजेचे आहेत, कारण शिकवण सगळी मुलींना आणि मोकळीक सगळी मुलांना, अशी आपल्याकडची रीत.

दुसरे उदाहरण शेजारच्या पाचोडचे, पैठण तालुक्यातले. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी जीवन कौशल्यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालवला. रोज संध्याकाळी एक तास. शिकवणारी बाई त्याच गावची, शिक्षण निदान सातवीपर्यंतचे. आईबापांच्या सभाही घेत. काही वर्षांनी त्या भागातले मुलींच्या लग्नाचे मधले वय सोळावरून सतरावर गेले. एकच वर्ष, असे म्हणून नाक मुरडू नका. सोळाव्या वर्षीच्या आणि सतराव्या वर्षीच्या बाळंतपणातला फरक लेबर रूममध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. आणि कायद्याचे अठरा गाठायला आधी सतरा गाठावे लागतेच.

आता आपल्या घरातली गोष्ट. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची शेकडो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, म्हणून पोराचे लग्न झाले की एक कोयता वाढतो. वयात आलेली मुलगी मागे कोणाजवळ ठेवायची ही काळजी खोटी नाही. त्या काळजीतून पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरते. अशा आईबापांना नुसते ‘कायदा मोडताय’ म्हणून दटावून भागत नाही. वसतिगृहाचा प्रवेश, आजीजवळ राहण्याची सोय, शेजारच्या दोन घरांची जबाबदारी असे पर्याय मांडून त्यांच्याकडूनच निर्णय काढून घेणे, हे जीवन कौशल्याचे काम झाले. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत मुलांच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले होते. ते भाषण आपण जयंतीला वाचतो. लग्नसराईत वाचत नाही.

‘नाही’ म्हणायचा सराव घरातच घ्या. मुलीने एकच वाक्य ठरवावे : ‘मामा, मला आत्ता लग्न करायचे नाही, मला बारावी करायची आहे.’ आवाज चढवायचा नाही, मान खाली घालायची नाही. समोरून दहा कारणे येतील, प्रत्येकाला उत्तर देत बसायचे नाही, तेच वाक्य पुन्हा. आणि घरातले किंवा वस्तीतले एक मोठे माणूस आधीच आपल्या बाजूचे करून ठेवायचे. एक मैत्रीण मामा होते, दुसरी स्वतः. सुरुवातीला पोरी खूप हसतात. हसू द्या. तिसऱ्या वेळी आवाज खरा निघतो. तरीही लग्न ठरलेच तर गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक फुकट आहे.

मुलग्यांचा राग हा वेगळा धडा. राग आला की छाती धडधडते, हात थरथरतात, कान गरम होतात. शरीर मारामारीची तयारी करते, आणि त्या दोन-चार मिनिटांत डोके मागे पडते. तेवढी मिनिटे काढता आली पाहिजेत. जागा सोडा, तोंडावर पाणी मारा, चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असे दहा वेळा. विहारात आनापान शिकलेल्या मुलाला हे लगेच जमते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना आम्ही एवढेच सांगतो, की मिरवणुकीत धक्का लागला म्हणून झालेली एक केस चारित्र्य पडताळणीत पुढे येते.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. क्लासमधले कोच सांगतात, स्वतःला बदला, जग बदलेल. आमच्या पोरांची प्रत्येक अडचण त्यांच्या स्वभावातून आलेली नाही. जामखेड तालुक्यातल्याच खर्ड्यात २०१४ साली सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला, कारण तो वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो असा संशय होता. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाला कोणते संवाद कौशल्य कमी पडले होते? म्हणून आपल्या वर्गात आत्मविश्वासाबरोबर ॲट्रॉसिटी कायद्याची माहिती, फिर्याद कशी लिहायची, तिची प्रत कशी मागायची हेही शिकवायचे. अपमान गिळून हसत राहणे याला ताण सांभाळणे म्हणत नाहीत.

आता धंद्याचे. आपल्या देशात ‘लाईफ कोच’ म्हणवून घ्यायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. कोणीही पाटी लावू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंद असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. कोचकडे पोराला पाठवण्याआधी विचारा : शिक्षण काय, कोणाच्या हाताखाली काम केले, पोराचे बोलणे गुप्त ठेवणार का, आणि गोष्ट हाताबाहेर गेली तर कोणाकडे पाठवणार? चौथ्या प्रश्नावर जो ‘तशी वेळच येणार नाही’ म्हणतो, त्याच्याकडे पाठवू नका. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

फुकटची सोयही आहे. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी समुपदेशक कुठे बसतात ते आशाताईंना विचारा. सगळीकडे जागा भरलेल्या नसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. मग विचारणारे वाढले पाहिजेत.

ज्या मुलींना हे काम करायचे आहे त्यांनी पदवीनंतर समाजकार्याची एमएसडब्ल्यू करावी, ती नगरमध्ये सीएसआरडीत होते. मानसशास्त्रातूनही वाट आहे. अनुसूचित जातीची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरता येते, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. शाळा, वसतिगृहे, संस्था, रुग्णालये इथे अशा माणसांना काम मिळते. पगार सुरुवातीला फार नसतो, हे लपवून उपयोग नाही. पण पदवी येईपर्यंत थांबायची गरज नाही. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ दहा पोरी जमवणे बारावीच्या मुलीलाही जमते. सेवा म्हणून करा, पण महिला मंडळाने तिच्या जाण्यायेण्याचा आणि वहीपेनाचा खर्च द्यावा. आपल्या पोरींनी सगळे फुकटच करावे अशी सवय समाजाला लागू नये.

शेवटी या कामाची हद्द. वस्तीतल्या ताईने ऐकायचे असते, उपचार करायचे नसतात. पोर दोन आठवड्यांहून जास्त झोपत नाही, जेवत नाही, माणसांत येत नाही, कानात आवाज येतात म्हणते, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकते, किंवा ‘मी नसलेलीच बरी’ असे बोलते, तर त्याच दिवशी डॉक्टर. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री पोराला एकटे ठेवू नका, घरातली फवारणीची औषधे शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा आणि १०९८ असे दोन्ही क्रमांक विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, दहावी-बारावीच्या निकालाच्या आधी.