पित्ताची गोळी आणि पोटातला पहारा

प्रश्न : माझे सासरे सहा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतात. पावसाळ्यात घरात सगळे तेच खातो-पितो, पण जुलाब त्यांनाच होतात. गोळीमुळे पोटाची प्रतिकारशक्ती कमी होते का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जठरातलं आम्ल त्रास देत असतं, आणि गोळी ते आम्लच कमी करते. खरा पित्तरस यकृतात तयार होतो. हे दोन्ही रस पचनाला लागतात आणि जंतूंवर पहाराही ठेवतात.

जठररस जवळपास लिंबाच्या रसाइतका आंबट असतो. १९७०च्या सुमारास अमेरिकेत स्वयंसेवकांना पटकीचे जंतू पाजून पाहिले. नुसते दिले तेव्हा आजार व्हायला सुमारे १० हजार कोटी जंतू लागले. सोड्याने आम्ल मारून दिले, तेव्हा १० लाखही पुरले.

या आम्लातून निसटलेले जंतू आतड्यात येतात. पित्तरस चरबी फोडतो, तसं कित्येक जंतूंचं आवरणही विरघळवतो. आतड्यातले जीवाणू पित्तरसातल्या पित्ताम्लांची रूपं बदलतात. त्यांतली काही अस्तरातल्या प्रतिकारपेशींना आवर घालतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय अस्तरातून ‘आयजीए’ नावाची प्रतिद्रव्यं रसात उतरतात आणि जंतूंना भिंतीला चिकटू देत नाहीत.

परळच्या हाफकिन औषधनिर्मिती महामंडळात बनणाऱ्या पोलिओच्या थेंबांचं काम याच अस्तरावर चालतं. त्यातला दुबळा केलेला विषाणू आम्लातून तगून आतड्यात पोचतो आणि तिथेच आयजीए तयार करवतो. दंडावरच्या इंजेक्शनाने आतड्यात एवढं संरक्षण मिळत नाही.

म्हणजे गोळीने सासऱ्यांची सगळी प्रतिकारशक्ती जात नाही, पण वेशीवरचा पहारा ढिला पडतो. अशा गोळ्या घेणाऱ्यांत आतड्याचे संसर्ग जास्त आढळतात. तरी गोळी परस्पर बंद करू नका. एकदम थांबवली तर आम्ल उसळतं. आणि अल्सर असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ती गरजेचीच असू शकते. ‘अजून लागते का, डोस कमी होईल का?’ हे डॉक्टरांना विचारा, जुलाबाचीही तपासणी करून घ्या. तोवर पावसाळाभर त्यांना पाणी उकळून द्या, आणि गाडीवरची कापलेली फळं, बर्फाचं सरबत टाळा.