घर मुलाच्या नावे करण्यापूर्वी

जुळे सोलापुरातील एक निवृत्त गृहस्थ असरच्या नमाजनंतर माझ्याजवळ थांबले. पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली, थोरला मुलगा पुण्यात, धाकटा त्यांच्यासोबत. ‘‘मौलाना, घर धाकट्याला हिबा करून टाकतो; तोच आम्हाला सांभाळील,’’ ते म्हणाले. मी त्यांना थोडे थांबण्याची विनंती केली.

हिबा पूर्ण होण्यास देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी लागतात. ताबा गेला की पिता आपल्याच घरात पुत्राच्या मर्जीने राहणारा पाहुणा होतो. हनफी फिकहनुसार पुत्रास दिलेला हिबा परत घेता येत नाही, आणि ‘आमची सेवा करशील’ अशी अट जोडली तरी सामान्यतः हिबा टिकतो व अट निरर्थक ठरते. दुसरे असे की, हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या पित्याने केवळ त्यांनाच दान दिले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याचे साक्षीदार होण्यास नकार दिला होता. सेवेखातर एखाद्यास थोडे अधिक देण्यास विद्वानांनी मुभा दिली आहे. परंतु पुण्यातल्या पुत्राला न कळवता सारे घर देणे ही सेवेची कदर नव्हे, भांडणाचे बीज होय.

देशाचा कायदाही पाहावा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 असे की, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. अट मात्र सिद्ध व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केले. 2 जानेवारी 2025 रोजी मात्र मध्य प्रदेशातील एका मातेचे बक्षीसपत्र रद्द केले, कारण पुत्राने सांभाळण्याचे लेखी वचन दिले होते. आपल्याकडे हे अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतात. निर्वाहाची मागणी पुत्राप्रमाणे कन्येकडेही करता येते, आणि गरजू मातापित्यांचा नफका पुत्र व कन्या या दोघांवर आहे, असे फिकहही सांगते.

कुलमुखत्यारपत्रावरही फार विसंबू नये. देणाऱ्याचे मनःस्वास्थ्य गेले की ते संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी निकड भासते, त्याच दिवशी ते निकामी होते. बँकेचे खाते आजच पत्नी किंवा अपत्यासोबत संयुक्त करून, ‘दोघांपैकी कोणीही’ व्यवहार करू शकेल अशी सोय करून ठेवावी. त्यातील पैसा कोणाचा, हेही लिहून ठेवावे, नाहीतर वारसांत वाद होतात.

बोलता बोलता मी विचारले, अम्मींचे न्हाऊ-माखू कोण करते? क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘‘सून.’’ सुनेला वारसाहक्कात वाटा नाही. वारसासाठी केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीविना चालत नाही. पण सून वारस नसल्याने, कर्ज फेडून उरलेल्या संपत्तीच्या एक तृतीयांशापर्यंत तिच्या नावे वसीयत करता येते. हा मार्ग आपण सहसा पाहतच नाही.

घर अद्याप त्यांच्याच नावे आहे. वसीयतीचा मसुदा वकिलाकडे दिला आहे, आणि पुण्याच्या मुलाला पुढच्या जुम्याला बोलावले आहे.