लहान मेंदू न कापता त्याच्या पलीकडे कसं जातात?

प्रश्न : माझ्या भाच्याच्या चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, ‘लहान मेंदू न कापता गाठीपर्यंत जाऊ, पण थोडी गाठ कदाचित मागे ठेवावी लागेल.’ डोकं मागून उघडल्यावर समोर लहान मेंदूच आडवा येणार, मग तो न कापता कसं जाणार? आणि एवढं सगळं करून गाठ मागे का ठेवायची?
— एक वाचक, सांगली

उत्तर : डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, कवटीत एक अरुंद कप्पा आहे. त्यात मागे लहान मेंदू, पुढे ब्रेनस्टेम आणि दोघांच्या मधल्या पोकळीत पाणी. ही पोकळी म्हणजे चौथं व्हेंट्रिकल. श्वास, गिळणं, डोळे फिरवणं, चेहरा हलवणं, शुद्धीवर असणं, या सगळ्याची सूत्रं ब्रेनस्टेममध्ये आहेत. त्यामुळे तिथे एक-दोन मिलिमीटरची चूकही महागात पडते.

पूर्वी सर्जन लहान मेंदूचा मधला पट्टा, म्हणजे वर्मिस, उभा चिरून आत जायचे. वाट सरळ होती, पण ऑपरेशननंतर काही मुलांची वाचा बंद व्हायची. शुद्धीवर आल्यावर मूल दोन शब्द बोलायचं आणि एक-दोन दिवसांत गप्प व्हायचं, ते काही दिवस तर कधी काही महिने. आईबापांची काय अवस्था होत असेल याची कल्पना करा.

आता बहुतेक ठिकाणी ज्या वाटेने जातात तिला टेलोव्हेलर म्हणतात. लहान मेंदू निऱ्यांसारखा घडीघडीचा आहे आणि या घड्यांच्या मधल्या फटी निसर्गानेच ठेवलेल्या आहेत. रुग्णाला पालथं झोपवून डोकं तीन पिनांच्या क्लॅम्पमध्ये पक्कं धरतात, मागचं हाड काढतात आणि मेंदूवरचं जाड आवरण इंग्रजी ‘वाय’च्या आकारात उघडतात. लहान मेंदूच्या खालच्या पोकळीतलं पाणी सोडलं की लहान मेंदू आपोआप सैल पडतो. त्याला ओढाताण करावी लागत नाही. मग मायक्रोस्कोपखाली लहान मेंदूचे दोन टॉन्सिल (यांचा घशातल्या टॉन्सिलशी काही संबंध नाही) हळूच बाजूला आणि वर उचलतात. त्यांच्या मागे कागदासारखा पातळ पडदा असतो. तो उघडला की व्हेंट्रिकल समोर येतं. कापला जातो तो हा पडदा. लहान मेंदूचा गर शाबूत राहतो. मात्र टॉन्सिलला वळसा घालून जाणारी धमनी, ऑपरेशन थिएटरमधली ‘पायका’, जपावी लागते. ती बंद झाली तर गिळणं, आवाज आणि तोल तिन्ही बिघडतात. आणि हेही सांगून ठेवतो की या वाटेने गेलं म्हणून मूकपणा हमखास टळतो असं नाही. लहान मेंदूतले खोलवरचे धागे दुखावले तर तो तरीही येऊ शकतो.

या वाटेचा नकाशा बनवणाऱ्यांत अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे आल्बर्ट ऱ्होटन यांचं नाव सर्वांत वर आहे. मृतदेहांच्या डोक्यातल्या धमन्या लाल आणि शिरा निळ्या रंगाने भरून, मायक्रोस्कोपखाली थरामागून थर सोडवत त्यांनी चौथ्या व्हेंट्रिकलची रचना 1982 मध्ये मांडली. जगभरचे न्यूरोसर्जन आजही त्यांच्या चित्रांवर शिकतात.

आता दुसरा भाग, गाठ मागे ठेवण्याचा. व्हेंट्रिकलची फरशी म्हणजेच ब्रेनस्टेमची पाठ. मधोमध एक खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा उंचवटा. या उंचवट्याखाली डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारं केंद्र असतं आणि चेहऱ्याच्या नसेचे धागे त्याला वळसा घालून जातात. तिथे इजा झाली तर त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो आणि त्या बाजूला नजर वळत नाही. आणखी खाली गेलात तर जीभ आणि गिळण्याची केंद्रं. 1993 मध्ये जपानच्या क्योशिमा आणि सहकाऱ्यांनी या उंचवट्याच्या वरचा आणि खालचा असे दोन छोटे त्रिकोण त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणून दाखवले. ब्रेनस्टेमच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीपर्यंत, म्हणजे कॅव्हर्नोमापर्यंत, पोहोचायला असे त्रिकोण उपयोगी पडतात.

पण पुस्तकातली फरशी आणि गाठीखाली दबलेली फरशी यांत फरक असतो. गाठीने उंचवटा सपाट केलेला असतो, कधी तो बाजूला सरकलेला असतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. म्हणून चेहऱ्याच्या स्नायूंत आधीच बारीक सुया लावतात आणि फरशीला अगदी कमी विजेचा प्रोब टेकवतात. सुयांना जोडलेल्या स्पीकरवर खरखर आली की तिथे चेहऱ्याची नस आहे, हात मागे घ्यायचा. माझ्या मते अशा गाठींच्या ऑपरेशनमध्ये ही सोय चैनीची मानू नये.

गाठ या फरशीला चिकटलेली असेल तर तिथे खरवडत बसणं धोक्याचं. मेड्युलोब्लास्टोमा या प्रकारच्या गाठीत ऑपरेशननंतरच्या एमआरआयमध्ये 1.5 चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी गाठ उरली असेल तर ते चालण्यासारखं समजतात, कारण पुढे रेडिएशन आणि केमोथेरपी असते. एपेंडिमोमा या दुसऱ्या प्रकाराचं मात्र वेगळं आहे. त्यात गाठ पूर्ण निघणं फार महत्त्वाचं, म्हणून सर्जन तिथे जास्त झुंजतो. आणि मुलांच्या ब्रेनस्टेममध्ये, त्यातल्या पॉन्स नावाच्या भागात पसरलेली ग्लायोमा ही गाठ ऑपरेशनने काढतच नाहीत. फार तर बायोप्सी करतात.

गाठ व्हेंट्रिकलमध्ये नसून कानाजवळच्या कोपऱ्यात असेल तर वाट कानामागून असते. तिथे मोठ्या शिरा सांभाळायच्या आणि पाणी सोडून लहान मेंदू सैल करायचा, तंत्र तेच.

तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : कोणत्या वाटेने जाणार, नसांचं मॉनिटरिंग ऑपरेशनभर असणार का, आणि गाठ कुठे चिकटलेली दिसली तर तुम्ही थांबणार? उत्तरं समजली नाहीत तर एमआरआय पडद्यावर लावून दाखवा म्हणा.