आधी फिल्टर हलवा, मग तेल सोडा

रविवारी सकाळी नऊ वाजता चिंचवडच्या एका अंगणात गाडीचं जुनं तेल घमेल्यात उतरलं होतं. दुपारी दोनला गाडी तिथेच उभी होती. इंजिनात तेल नव्हतं, आणि ऑइल फिल्टरच्या जागी फाटलेल्या पत्र्याच्या चिंध्या लोंबत होत्या.

गाडीचे मालक नवशिके नव्हते. कारखान्यात लेथवर पंचवीस वर्षं काढलेले टर्नर ते. डोळे मिटून आट्यावर बोट फिरवलं तरी पिच सांगतील, असा हात. त्यांच्यासारख्याचं असं झालं, तर पहिल्यांदाच पाना हातात धरणाऱ्याचं काय होईल, या काळजीने त्यांनी तो दिवस गल्लीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला तपशीलवार सांगितला. त्या सांगण्यात कामाच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

घरी तेल बदलण्याचं काम तसं सोपं असतं. छोट्या पेट्रोल गाडीला तीन-साडेतीन लिटर तेल लागतं. ड्रेन बोल्ट काढायचा, तेल सोडायचं, फिल्टर बदलायचा, बोल्ट नव्या वॉशरसह लावायचा आणि वरून नवं तेल ओतायचं. त्यांनीही याच क्रमाने सुरुवात केली. बोल्ट एका झटक्यात सुटला, तेल निथळलं, मग ते फिल्टरकडे वळले आणि तिथे अडले. आधीच्या वेळी एका गॅरेजमध्ये हा फिल्टर पाना लावून करकचून आवळलेला होता. बहुधा रबरी रिंगला तेलाचं बोटही लागलेलं नव्हतं. कोरडी रिंग हजारो किलोमीटर उष्णता खाऊन धातूला चिकटते आणि हाताच्या जोराला दाद देत नाही.

त्यांनी पट्ट्याचा पाना लावला. तोंड वर, बूड खाली अशा लटकत्या फिल्टरवर बॉनेटमधून ओणवं होऊन पाना फिरवला. घड्याळाच्या उलट, नेहमीसारखा. तो थोडा फिरला, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. मग तो अजिबात हलेना.

खरी चूक इथे झाली. फिल्टर सोडवण्याची दिशा त्याच्या बंद बुडाकडून पाहून ठरवायची असते. बुडाकडून पाहिलं की घड्याळाच्या उलट फिरवल्यावर तो सुटतो. तोच फिल्टर वरून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पाहिला, तर दिशा बरोबर उलटी दिसते. आयुष्यभर आटे कापलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने फिल्टर आणखी घट्ट केला होता. किती घट्ट, याचं गणितही त्यांनीच नंतर मांडलं. मारुती-सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांत फिल्टरचे आटे 20 मिलिमीटर व्यासाचे आणि 1.5 मिलिमीटर पिचचे असतात. रिंग टेकल्यानंतर पाऊण फेरा फिरवला, की ती जेमतेम 1.1 मिलिमीटर दाबली जाते, आणि एवढ्यावर तेल अडतं. त्यापुढे फिरवलेला प्रत्येक पाव फेरा रिंगेला आणखी जवळपास 0.4 मिलिमीटर चेपतो. घट्टपणा वाढतो, पण गळती थांबवण्याच्या दृष्टीने हाती काही लागत नाही.

मग त्यांनी तो उपाय केला जो प्रत्येक गॅरेजच्या बाकड्यावर कुणी ना कुणी सुचवतंच: फिल्टरमधून स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकायचा आणि त्याचीच मूठ करून फिरवायचं. फिल्टर थोडाच अडकलेला असेल तर हे जमतंही. पण डबा पातळ पत्र्याचा असतो, आटे मात्र तोंडाच्या जाड पोलादी थाळीत असतात. थाळी जागची हलली नाही, पत्रा तेवढा फाटत गेला. तरी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बुडाच्या बाजूला घुसवला होता, हे नशीब. तोंडाजवळ घुसवला असता तर आत इंजिनातून आलेल्या आटेदार नळीवर घाव बसला असता, आणि ती नळी खराब झाली की काम फिल्टरपुरतं राहत नाही.

"अहो, गॅरेजला घेऊन जा ना सरळ," घरातून आवाज आला. सल्ला योग्य होता, पण वेळ टळून गेली होती. तेलाशिवाय इंजिन चालू करायचं नसतं, गॅरेज कोपऱ्यावर असलं तरी. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो, आणि तो गेला की धातूवर धातू घासतो. रविवार असल्यामुळे स्पेअर पार्टचं दुकान बंद, मिस्त्री गावाला.

त्यांच्या सांगण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. तेल सोडण्याआधी फिल्टर हलवून पाहा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, सगळं हाताला सोसेल इतपत कोमट होऊ द्या आणि फिल्टर किंचित सैल होतो का ते तपासा. सैल झाला तर हाताने परत टेकवून ठेवा, मग ड्रेन बोल्टला पाना लावा. नाहीच हलला, तर इंजिनात तेल शाबूत आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजपर्यंत जाते आणि रविवारही वाया जात नाही.

फिल्टर अडकलाच, तर जोर लावण्याआधी पकड सुधारा. तेलकट डब्यावर कुठलाही पट्टा घसरतो, म्हणून तो साबणपाण्याने पुसून कोरडा करा. हात पुरत असेल तर जाड पॉलिश पेपरची खरबरीत बाजू डब्याला लावून पिळून पाहा, आश्चर्य वाटेल इतका फरक पडतो. बुडाच्या कंगोऱ्यांवर नेमका बसणारा टोपीसारखा पाना सगळ्यात चांगला, कारण तो डबा चेपत नाही. पट्टा किंवा साखळीचा पाना लावायचा असेल तर तोंडाच्या थाळीजवळ लावा, तिथे डब्याला आधार असतो. डब्याच्या मधोमध लावला की डबा चेपतो आणि पकड सुटते.

संध्याकाळी सहाला मिस्त्री गावाहून परतून आला. चिंध्यांकडे पाहून म्हणाला, "काका, आता पत्र्याच्या नादाला लागू नका, थाळीलाच धरू." त्याने उरलेला डबा कापून काढला आणि आतला कागद उपसला. मग अणकुचीदार हुकाने थाळी आणि इंजिन यांच्यामधली रबरी रिंग तुकड्यातुकड्याने ओढून काढली. थाळीला घट्ट धरून ठेवणारी ती रिंगच असते. थाळीत कडेने तेल आत जाण्याची भोकं असतात. त्यातल्या एकाच्या काठावर बोथट छिन्नी तिरकी टेकवली आणि सोडवण्याच्या दिशेने हलके ठोके दिले, मग समोरच्या भोकावर. सात-आठ ठोक्यांत थाळी फिरली. बाकीची हाताने निघाली. हातोड्याचा रोख इंजिनाच्या ॲल्युमिनियमकडे एकदाही गेला नाही. हा भाग त्या टर्नरना इतका आवडला की सांगताना ते हवेत छिन्नी धरून दाखवतात.

त्यानंतर मिस्त्रीने केलेली तपासणी कुणीही गाळू नये. आटेदार नळी फिल्टरबरोबर बाहेर आलेली नाही ना, हे त्याने पाहिलं. बसण्याची जागा धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली आणि तिच्यावर जुन्या रिंगेचा तुकडा उरला नाही, याची बोट फिरवून खात्री केली. जुन्या रिंगेवर नवी रिंग बसली तर हाताला सगळं घट्ट लागतं. पण चालू इंजिनात तेलाच्या दाबाने ती सरकते आणि तेल रस्त्यावर येतं.

एक रबरी रिंग काय करू शकते, याचं उदाहरण विमानांच्या इतिहासात आहे. 5 मे 1983 रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं विमान मायामीहून नसाऊला निघालं. देखभालीच्या वेळी तेलातले धातूचे कण पकडणारे भाग तिन्ही इंजिनांवर रिंगांशिवाय बसवले गेले होते. उड्डाणात तिन्ही इंजिनांतून तेल वाहून गेलं. आधी बंद केलेलं एक इंजिन पुन्हा सुरू करून वैमानिकांनी विमान मायामीत उतरवलं आणि 172 जण वाचले. जोडणीतला रबर तपासायला दहा सेकंद लागतात.

नव्या फिल्टरच्या रिंगेला नवं तेल बोटाने लावायचं. रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवायचा, त्यापुढे डब्यावर छापलेला असेल तेवढाच फेरा, आणि तोही शक्यतो हातानेच. तेल भरून इंजिन अर्धा मिनिट चालवायचं, तेलाचा दिवा विझतो का आणि फिल्टरखाली थेंब दिसतो का हे पाहायचं. मग बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको. पक्के स्टँड आणि चाकांना अडण हवीच.

घमेल्यातलं तेल त्यांनी नव्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलं आणि फाटका फिल्टर रात्रभर निथळत ठेवला. वापरलेलं इंजिन ऑइल आपल्याकडे 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात किंवा झाडाच्या आळ्यात जाऊ नये, म्हणून सोमवारी ते कॅन घेऊन अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये गेले.

त्यांच्या गाडीत आता नव्या फिल्टरच्या बुडावर मार्करने तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: तारीख, किलोमीटर आणि सोडवण्याच्या दिशेचा बाण.