नवं दही लागेपर्यंत

चार दिवस झाले, नवा फोन अजून खोक्यातच आहे म्हणालीस ना काल? सातपूरच्या भाजीबाजारात एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात काच तडकलेला जुना फोन आणि चेहरा असा, जणू उद्या दहावीचा पेपर आहे. त्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सगळं सविस्तर सांगते. चहा ठेव आणि बस अशी.

आधी एक बघ. तू पहाटे पाचला उठून कंपनीतल्या तीस पोरांचे डबे भरतेस. कोणाला भाकरी, कोणाला पोळी, कोणाचा सोमवार, कोणाची सेकंड शिफ्ट, सगळं तुझ्या डोक्यात असतं. त्यापुढे हे काम काहीच नाही गं. फक्त निवांतपणी करायला हवं, घाईत केलं की फसतं.

खरं सांगू का, माझं फसलं होतं. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन मी नवा मागवला होता. फोन आणणारा मुलगा दारात उभा, म्हणाला, "ताई, जुना रिकामा करून द्या लवकर, मला पुढे अंबडला जायचंय." इकडे गॅसवर वरण उतू चाललेलं. मी दहा मिनिटांत सगळं पुसून फोन त्याच्या हातात ठेवला. बॅकअप तर असतोच, असं मनाशी म्हटलं. दुपारी नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाकलं, ओटीपी आला आणि पडद्यावर प्रश्न आला, जुना बॅकअप सापडलाय, परत आणायचा का? नेट इतकं हळू की आकडा हलेना. मी 'स्किप' दाबलं. संध्याकाळी निवांत करू म्हटलं. पुढे रोज बॅकअप घ्यायचा का असं विचारलं, तिथे 'रोज' निवडलं. आता गंमत अशी की हा आपोआप होणारा बॅकअप रात्री दोनच्या सुमारास होतो आणि गूगल ड्राइव्हवर शेवटचा एकच राहतो. त्या रात्री माझ्या रिकाम्या व्हॉट्सॲपचा बॅकअप झाला आणि तो जुन्यावर जाऊन बसला.

त्यात माझ्या सासूबाईंचा आवाज होता. त्यांना टाइप करता यायचं नाही, म्हणून घोटीहून माइकचं बटण दाबून बोलायच्या. "अगं, हरभऱ्याची भाजी खुडून ठेवलीय, एसटीत कोणाबरोबर तरी पाठवते." मागे कोंबड्यांचा कलकलाट. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी ओट्यापाशी खाली बसून रडले गं. मग नणंदेने तिच्या फोनमध्ये शोधून, घरच्या ग्रुपवर आलेले सात-आठ मेसेज मला परत पाठवले. बाकीचे गेले ते गेलेच. पण तेवढ्यावरून एक शिकले, चॅटला दोन टोकं असतात. आपल्याकडचं गेलं तरी समोरच्याच्या फोनमध्ये असू शकतं. मागायला लाजू नको.

तेव्हापासून फोनच्या बाबतीत मी विरजणाचा नियम धरलाय. नवं दही नीट लागल्याशिवाय आपण जुन्या दह्याचं भांडं घासतो का? नाही ना. तसाच जुना फोन नवा घेतल्यावर पंधरा दिवस घरातच ठेवायचा. फ्रिजवर ठेव, देवघराच्या फळीवर ठेव, पण पुसू नको, कोणाला देऊ नको. त्यासाठी एक्स्चेंजचे हजार-बाराशे सोडावे लागले तर सोड. एवढी एक गोष्ट पाळलीस, तर बाकी काहीही चुकलं तरी दुरुस्त होतं.

आता दिवस कुठला निवडायचा ते ऐक. महिन्याच्या सात तारखेला अजिबात नको. पगार होतात, पोरं डब्यांचे पैसे टाकतात, तू किराणा भरतेस, भिशी असते. फोन बदलल्यावर यूपीआय नव्याने सुरू केलं, की पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. ही सुरक्षेसाठीची मर्यादा आहे, घाबरायचं काही नाही, दुसऱ्या दिवशी पूर्ववत होतं. पण ऐन किराणाच्या दिवशी वाण्यासमोर उभं राहून हे कळलं तर जीव खालीवर होतो. तुझ्या मिस्टरांना शनिवारी सुट्टी असते ना, तोच दिवस धर. मुलांना ते सांभाळतील. गॅसवर काही ठेवू नको. दोन्ही फोन पूर्ण चार्ज कर आणि पर्समध्ये थोडी रोकड ठेव.

आणि सिम आधी बघून घे. तुझा जुना फोन बराच जुना आहे, सिम मोठ्या आकाराचं असेल तर नव्यात बसणार नाही. बरेच जण सरळ कात्रीने कापतात, तू नको कापूस. दुकानातून नवं सिम घे. पण नवं सिम चालू झालं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही येणार नाही. म्हणून सिमचं काम गुरुवारीच उरकून टाक, शनिवारी मोकळी राहशील.

शनिवारी नवा फोन पहिल्यांदा सुरू केलास की तोच विचारतो, जुन्या फोनमधून ॲप आणि डेटा आणायचा का? तिथे हो म्हण. केबल असेल तर केबल लाव, नाहीतर वायफायवर ठेव. हा प्रश्न घाईत ओलांडून गेलीस तरी बिघडत नाही. कंपन्यांची त्यासाठी ॲप असतात. सॅमसंगचं स्मार्ट स्विच, शाओमीचं मी मूव्हर, विवोचं ईझीशेअर. नवा फोन ज्या कंपनीचा, तिचं ॲप दोन्हीकडे टाकायचं. तासभर लागेल, कदाचित दोन. सारखं उघडून बघू नको, फोन पालथे घालून लसूण सोलत बस. तुझ्या दिराने आयफोन घेतलाय म्हणालीस, त्याला सांग की अँड्रॉइडवरून तिकडे जायचं तर 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच वापरायचं. त्याचं व्हॉट्सॲपही त्याच वाटेने जातं.

या सगळ्यात नंबर येतील, एसएमएस येतील, फोटो येतील. पण नंबर कुठे साठवलेत ते त्याआधी बघ. आपण पटकन सेव्ह करतो तेव्हा काही सिमवर जातात, काही फोनवर, काही गूगल खात्यात. सिमवर जेमतेम अडीचशे नावं मावतात आणि लांब नाव अर्धंच राहतं. तुझ्याकडे 'श्रमिकनगर डबा २' आणि 'श्रमिकनगर डबा २ जैन' आहेत ना, ते दोघं सिमवर एकच होऊन बसतील आणि जैन पोराला कांद्याची भाजी जाईल. म्हणून जुन्या फोनवर सगळे नंबर गूगल खात्यात घे. त्या खात्याचा पासवर्ड आठवतोय का, हेही आजच तपास. बहुतेक बायकांचं गाडं इथेच अडतं बघ, कारण खातं भावाने नाहीतर दुकानदाराने काढून दिलेलं असतं. पासवर्ड नवा कर आणि हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःला कळेल असा लिहून ठेव.

आता व्हॉट्सॲप, तुझ्या पोटातली खरी भीती. एका अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर जायला २०२३ पासून सरळ रस्ता आहे, ड्राइव्हची गरजच नाही. दोन्ही फोन एकाच वायफायवर घे. नव्यावर व्हॉट्सॲप टाकून तुझाच नंबर घाल, ओटीपी घाल, मग जुन्या फोनवरून चॅट आणायचा पर्याय येतो आणि क्यूआर कोड दिसतो. जुन्यावर सेटिंग्ज, मग चॅट्स, मग ट्रान्सफर चॅट्स, आणि तो कोड स्कॅन कर. लोकेशन चालू करायला सांगेल, तर कर. संपेपर्यंत दोन्ही पडदे जागे ठेव आणि 'स्किप' कुठे दिसलं तर हात मागे घे. माझं नाव आठव.

तरीही आदल्या रात्री ड्राइव्हवर एक बॅकअप घेऊन ठेव. हे माझं सासूसारखं सांगणं समज, पण घे. त्यात व्हिडिओसुद्धा घ्यायचे असतील तर ते आपणहून निवडावं लागतं. बॅकअपला वेगळा पासवर्ड किंवा ६४ आकड्या-अक्षरांची किल्ली लावली असशील तर ती आधी शोध, कारण ती हरवली की व्हॉट्सॲपवालेही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाहीत. आणि जागा पुरत नाही असं आलं तर दचकू नको. गूगल १५ जीबी फुकट देतं, पण त्यात मेल, फोटो आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही धरतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन मोठे व्हिडिओ काढून टाक. त्या सुप्रभातच्या फुलांनी आणि लग्नाच्या पत्रिकांनीच निम्मी जागा खाल्लेली असते. पैसे भरून जागा घ्यायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

फोटोंचं एक गुपित सांगते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असला तरी तो मुळात कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंचा असतो. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि तो फोल्डर आपल्याला स्वतः चालू करावा लागतो. तुझ्या पोरीच्या बारशाचे फोटो तू काढलेस का गं? तू तर पाटावर बसली होतीस. ते सगळे नणंदा-जावांनी पाठवलेले. म्हणजे नेमके तेच मागे राहायचे. मेमरी कार्डही काढून बघ, कारण कित्येक नव्या फोनमध्ये कार्डाला जागाच नसते. माझे २०१५ च्या सिंहस्थातले रामकुंडावरचे फोटो असेच एका कार्डात डबीत पडून होते, भाच्याने लॅपटॉपला लावून पेनड्राइव्हवर घेतले. कॉल रेकॉर्डिंग आणि फोनच्या स्वतःच्या नोट्समध्ये लिहिलेला डब्यांचा हिशोब हेही हाताने तपास, ते कधी येतं, कधी राहून जातं.

बँकेचं मात्र काहीच आपोआप येत नाही आणि ते चांगलंच आहे. यूपीआय ॲप नव्याने उघडायचं, ते तुझ्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि खातं ओळखतं. म्हणून त्या वेळी सिम नव्या फोनमध्ये हवं आणि एसएमएसपुरता बॅलन्सही हवा. यूपीआय पिन जुनाच चालतो. बँकेच्या ॲपला एटीएम कार्ड लागू शकतं, जवळ ठेव. आणि तुझ्या दारावर चिकटवलेला क्यूआर कोड बदलायचा का विचारत होतीस, तर नाही. नंबर तोच, खातं तेच, तर कोडही तोच. पैसे तुझ्या बँकेत जमा होतात, फोनमध्ये नाही. तू फोन बदलत असतानाही पोरांनी टाकलेले पैसे येत राहतील. डिजिलॉकरमधली कागदपत्रंही जिथल्या तिथे असतात, त्याच नंबराने पुन्हा उघड.

हे सगळं करायचा कंटाळा आला तर एम. जी. रोडवरच्या दुकानात पोरं चटकन करून देतात, जा खुशाल. पण शेजारी बसून राहा आणि पिन स्वतःच्या बोटाने घाल. त्या दिवसांत कोणाचाही फोन आला, बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, ओटीपी सांगा, तर ठेवून दे. चुकून सांगितलंसच, तर लाजून गप्प बसू नको, मिस्टर रागावतील म्हणून थांबू नको, लगेच १९३० ला फोन लाव. जितक्या लवकर, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

नव्या फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलंस की आयएमईआय नंबर दिसतो, तोही वहीत उतरव. पुढे कधी बसमध्ये फोन गेला तर सरकारच्या संचार साथीवर तो बंद करायला हाच लागतो.

पंधरा दिवस झाले, डबे सुरळीत, हिशोब जुळतोय, कशाला जुना फोन उघडावा लागला नाही, की मग तो पुसायचा. आधी बँकेच्या ॲपमधून बाहेर ये, मग सेटिंग्जमधून गूगल खातं काढ, पडद्याचं लॉक काढ आणि मग फॅक्टरी रीसेट. हा क्रम सोडू नको. खातं न काढता पुसलेला फोन पुन्हा तुझाच पासवर्ड मागतो आणि ज्याला दिलास तो रात्री अकराला तुला फोन करतो.

पण पुसण्याआधी एक कर. नव्या फोनवर तुझ्या आईची चॅट उघड आणि वर वर सरकवत अगदी जुन्यात जुन्या व्हॉइस मेसेजपर्यंत जा. तिथला त्रिकोण दाब. नुसतं चिन्ह दिसलं म्हणजे झालं असं समजू नको, आवाज पूर्ण ऐक. वाजला की मला फोन कर, नव्या फोनवरून.