पिंजऱ्याचें उघडें दार

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं लहान रंगीत पक्षी पाळलेले असतात. बाजारांत त्यांस 'लव्हबर्ड' म्हणतात. परंतु खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतले, आणि हे बहुधा ऑस्ट्रेलियांतले बजरीगर असतात. १८४० सालीं जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें ते जिवंत इंग्लंडांत नेले, व तेथून त्यांचा प्रसार झाला. आपला रानांतला हिरवा पोपट पिंजऱ्यांत ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. म्हणून येथें विचार बजरीगराचाच.

दार उघडतांच पक्षी आनंदानें बाहेर झेपावेल, अशी आपली समजूत असते. पण नवा पक्षी उलट मागच्या कोपऱ्यांत दडतो. याचें कारण काय? ससाण्यासारख्या शिकाऱ्यांचें भक्ष्य असलेल्या या जातीला अनोळखी वस्तु म्हणजे संकट वाटतें. शिवाय जेथें दाणा, पाणी व झोप मिळते, तो पिंजरा आपल्या दृष्टीनें तुरुंग असला तरी त्याच्या दृष्टीनें घर आहे.

यासाठीं प्रथम खोली सिद्ध करावी. खिडक्या व दारें लावावींत, छताचा पंखा बंद करावा, आरसे व कांचा पडद्यांनीं झांकाव्यात, पाण्याचीं उघडीं भांडीं व मांजर दूर ठेवावें. स्वयंपाकघर तर वर्ज्यच. तेथें चूल असतेच, शिवाय नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनें पक्षी मरतात.

आरंभीं कांहीं दिवस केवळ पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजांत बोलावें. मग गजांतून राळ्याचें कणीस पुढें करावें. तें तो निर्भयपणें खाऊं लागला, म्हणजे हात आंत न्यावा. मात्र वरून झडप घातल्यासारखा नव्हे, तर समोरून व सावकाश. पिसें अंगाशीं चापून तो ताठ झाला कीं भ्याला असें समजावें व हात मागें घ्यावा. पिसें सैल सोडून एका पायावर उभा राहिला, किंवा चोंच चोळूं लागला, म्हणजे तो स्वस्थ आहे.

त्यानंतर दार उघडून तें आपोआप मिटूं नये असें बांधावें, उंबऱ्याशीं एक दांडी लावावी, तिच्याजवळ कणीस अडकवावें आणि आपण दूर बसावें. पहिल्या दिवशीं तो डोकेंच बाहेर काढील, तेवढें पुरे. त्यास उपाशी ठेवूं नये, हातानें ओढून काढूं नये, पिंजरा हालवूं नये. एकदां घातलेल्या जबरदस्तीनें अनेक दिवसांचा विश्वास नाहींसा होतो. नेहमींचा दाणा आंतच ठेवल्यास भूक लागतांच तो स्वतः परत येतो. परतीची वाट मोकळी असते, म्हणूनच पुढच्या वेळीं बाहेर पडण्यास त्याला धीर होतो.

कोणी विचारील, त्यास आकाशांतच कां सोडूं नये? पिंजऱ्यांत जन्मलेल्या या परदेशी पाखरास येथें ना चारा शोधतां येतो, ना कावळ्याघारींपासून बचाव करतां येतो. तें स्वातंत्र्य नव्हे. तें टाकून देणें होय.

आमच्या वर्गांतही अशीं पाखरें असतात. खेड्यांतून वसतिगृहांत आलेला मुलगा उत्तर ठाऊक असूनही मान खालीं घालतो. त्यास एकदम व्यासपीठावर उभें करणारा शिक्षक, किंवा तो अडखळतांच हंसणारा सोबती, पिंजराच हालवीत असतो. त्याच्या शेजारीं बसा, त्याच्याशीं हळू बोला, आणि त्याचें पहिलें अर्धें वाक्य धीरानें ऐका. प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस आकाशांतील पाखरांकडे पाहण्यास सांगितलें, तें त्यांची चिंता दूर व्हावी म्हणून. दुसऱ्याचें भय दूर करण्याचा धडाही आपण पाखरांपासूनच घेऊं या. दार उघडणें एका क्षणाचें काम आहे. उघड्या दाराशीं वाट पाहत बसणें, ही खरी प्रीति.