परवाना आहे, म्हणून काय झालं?

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सगळ्या नोकरीत मला एकच कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि ती सुनावणीच्या रोजनाम्यात खरं लिहिलं म्हणून. ‘अनावश्यक नोंद करून कार्यालयाची प्रतिमा मलीन केली’ असा तिचा मजकूर. आता पेन्शन सुरू आहे, कुणाची भीडभाड उरलेली नाही. म्हणून जे झालं ते सांगते. आणि सरकारी कार्यालयात कुणी हत्यार घेऊन समोर बसलं तर काय करायचं तेही सांगते, कारण मला ते तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं.

तक्रारी फेरफाराची सुनावणी होती. एका बाजूला विधवा आजी, दुसऱ्या बाजूला तिचा पुतण्या आणि त्याच्याकडून जमीन घेणारा एक बडा माणूस. तालुक्यात सगळे त्याला भाऊ म्हणत. भाऊ आत आले, सुनावणी घेणाऱ्या साहेबांना नमस्कार केला, खुर्ची ओढली. बसताना शर्ट वर करून कमरेचं पिस्तूल तपकिरी चामडी कव्हरासकट काढलं आणि टेबलावर, आजींच्या फायलीला अगदी लागून ठेवलं. तोंडातून एक शब्द नाही.

आजी बाहेर व्हरांड्यात माझ्याशी भडाभडा बोलल्या होत्या. विहीर कुणी खोदली, बांधावरची चिंच कुणी लावली, सगळं. आत आल्या, नजर टेबलावर गेली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्याच राहिल्या. “आजी, तुमची हरकत सांगा, मी लिहून घेते,” असं म्हटलं तरी गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “माझी काय बी हरकत नाय बाई. करू दे त्यास्नी.” आणि मी काही विचारायच्या आत अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला सुद्धा.

तारखेमागून तारखा पायपीट करून आलेली बाई ती. त्या क्षणी मला लख्ख कळलं की या खोलीत गोळी सुटायची गरजच नाही. ते नुसतं तिथे पडून होतं, आणि तेवढ्यावर एका बाईची जमीन गेली होती.

मी म्हटलं, “साहेब, आधी ते बाहेर ठेवायला सांगा, मग जबाब घेऊ.” साहेबांनी मान वर न करता उत्तर दिलं, “मॅडम, परवाना आहे भाऊंकडे. तुम्ही तुमचं लिहा.” भाऊ म्हणाले, “ताई, लॉक आहे त्याला.” मग मी माझं लिहिलं. ‘खरेदीदार यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलेले असताना अर्जदार यांनी हरकत मागे घेतली.’ साहेबांनी ते वाक्य खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही. पुढच्याच आठवड्यात नोटीस हातात. दारातून सगळं पाहणारे सहकारी चौकशीत म्हणाले, “आम्ही चहाला गेलो होतो.” साहेबांपेक्षा मला ते जास्त लागलं, आजही लागतं. प्रांतांकडच्या अपिलात फेरसुनावणीचा आदेश झाला तो माझ्या त्याच वाक्यावर. तेव्हा मात्र त्या नोंदीला कुणी अनावश्यक म्हटलं नाही.

आता कायद्याचं. शस्त्र अधिनियम 1959 खाली मिळणारा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, समोरच्याला धाक घालण्याचा नसतो. परवान्याच्या अटी कुणी वाचत नाही. विशेष परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचं आवार इथे शस्त्र न्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी ते आवरणात ठेवायचं, परजायचं नाही. पण तहसील, भूमी अभिलेख, पंचायत समिती यांचा त्या अटींच्या यादीत उल्लेख नाही. भाऊंसारख्यांना ही फट नेमकी ठाऊक असते.

मतदान केंद्राचं बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 134 ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, परवानासुद्धा जातो. मत देणाऱ्याच्या मनावर दडपण नको, म्हणून हे कलम आहे. मग जबाब देणाऱ्याच्या मनावर दडपण आलेलं चालतं का?

असं काही घडत नसतं म्हणणाऱ्यांनी आठवून पाहावं. ऑगस्ट 2004 मध्ये नागपूरच्या न्यायालयात, वस्तीत दहशत माजवणाऱ्या गुंड अक्कू यादवला जमावाने चाकूंनी भोसकून मारलं. त्या माणसाच्या अत्याचारांनी वस्ती किती पिचली होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी चाकू थेट कोर्टात पोचले, हेही खरंच. सप्टेंबर 2021 मध्ये दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात वकिलाच्या वेशात आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरात तर पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला आणि गुन्हा नोंदला गेला तो एका आमदारावर. म्हणून झडती काळा कोट, पांढरे कपडे, ओळखीचा चेहरा न बघता सगळ्यांची झाली पाहिजे. मेटल डिटेक्टर टुंई टुंई वाजतोय आणि शिपाई मोबाईलमध्ये, असली झडती काही कामाची नाही.

ज्यांची सुनावणी आहे त्यांना माझं सांगणं. समोरचा हत्यार घेऊन बसला असेल तर जबाब देऊ नका, सही करू नका, अंगठा तर मुळीच नको. साध्या कागदावर लिहा, ‘प्रतिपक्षाजवळ शस्त्र आहे, भीतीमुळे जबाब देऊ शकत नाही, पुढील तारीख द्यावी.’ अर्ज आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या. ही गोष्ट रोजनाम्यात नोंदवा म्हणून आग्रह धरा आणि त्याच आठवड्यात रोजनाम्याची नक्कल मागा, कारण नंतर कागद बदलतात. सीसीटीव्ही असेल तर चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. जुनं चित्रण पुसलं जातं. धमकी दिली तर 112 ला फोन करा. निकाल विरुद्ध गेलाच तर तहसीलदारांच्या आदेशावर अपिलाची मुदत 60 दिवसांची असते, ती चुकवू नका. एकटं जाऊ नका. आणि धीर सोडू नका.

परवाना देणाऱ्याकडे तक्रार करता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. जिल्ह्यात ते जिल्हाधिकारी, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त. शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 खाली ते परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. भाऊंसारखी माणसं गुन्ह्यापेक्षा परवाना जाण्याला जास्त भितात, हे मी जवळून पाहिलं आहे.

कोयता, विळा घेऊन शेतावरून थेट आलेल्या माणसाला मात्र गुन्हेगार ठरवू नका. शेतीच्या अवजाराला कायद्याने परवाना लागत नाही. त्याला नीट सांगा, “दादा, हे दाराशी ठेवा, जाताना घेऊन जा.” तो ठेवतो. साहेबाच्या ओळखीचा असतो तोच ठेवत नाही.

कारकून भावाबहिणींनो, जे दिसलं ते लिहा आणि नोंदीची एक प्रत घरी ठेवा. चहाला गेलो होतो म्हणू नका.

आणि कार्यालयप्रमुखांना विनंती आहे. दारावर मराठीत ठळक पाटी लावा की पोलीस बंदोबस्त सोडून कुणाचंही शस्त्र, परवान्याचं असलं तरी, आत येणार नाही. दाराशी एक कुलपाचं कपाट आणि नोंदवही ठेवा, आणि हा आदेश तुमच्या सहीने लेखी काढा. तोंडी सांगितलेलं भाऊंच्या एका फोनने मोडतं. लेखी आदेश मोडायचा तर कुणाला तरी सही करावी लागते, आणि ती सही करायला कुणी धजत नाही.